उपग्रह दिशादर्शन आणि विमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानात जीपीएस असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते नेमकं काय करतं आणि काय करत नाही, याबद्दल मात्र बराच गोंधळ दिसतो. लोक सगळ्यात आधी विचारतात, "किती अचूक असतं?" माझ्या मते विमानाच्या बाबतीत हा दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न आहे. आकडा चुकला तर तो चुकलाय हे वैमानिकाला कळेल का, आणि किती लवकर, हे आधी विचारायला हवं. खालची उत्तरं लिहिताना मी सारखा त्याच मुद्द्याकडे वळलो आहे.

उपग्रह विमानावर लक्ष ठेवून असतात का?

नाही. जीपीएसच्या उपग्रहाला विमान दिसत नाही, ऐकू येत नाही, ते आहे याचीही त्याला खबर नसते. तो आकाशवाणी केंद्रासारखा अखंड बोलत राहतो: मी अमुक क्रमांकाचा उपग्रह, माझी कक्षा अशी, आणि हा सिग्नल निघाला तेव्हा माझ्या घड्याळात इतके वाजले होते. बस, एवढंच. बाकीचा सगळा हिशेब खालचा रिसीव्हर करतो. म्हणून ऐकणारे चार असोत की चार अब्ज, उपग्रहावर त्याचा काडीचाही भार पडत नाही.

नुसत्या वेळेवरून जागा कशी कळते?

वीज चमकली की गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायची सवय अनेकांना असते. तीन सेकंद लागले तर वीज साधारण एक किलोमीटरवर पडली. इथेही तेच आहे, फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहर आहे आणि ती सेकंदाला जवळपास ३ लाख किलोमीटर जाते. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. बरोबर डोक्यावर असलेल्या उपग्रहाचा सिग्नल खाली यायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो.

एका उपग्रहापासूनचं अंतर कळलं की आपण त्याच्याभोवतीच्या एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर कुठेतरी आहोत, इतकंच समजतं. दुसऱ्याचं अंतर कळलं की दोन गोल जिथे एकमेकांना छेदतात ते वर्तुळ उरतं. तिसऱ्यामुळे दोन बिंदू उरतात आणि त्यातला एक बहुधा अवकाशात भलतीकडेच असतो. एकाच अंतरावरून बिंदू मिळत नाही, हे लक्षात असू द्या. हरवलेल्या विमानाच्या प्रश्नात ते पुन्हा लागेल.

तीन पुरतात, तर चौथा उपग्रह कशाला?

घड्याळासाठी. उपग्रहावर रुबिडियम किंवा सिझियमची अणुघड्याळं असतात. रिसीव्हरमध्ये असतं साधं क्वार्ट्झचं. ते सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याने जरी चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. प्रत्येक विमानात आणि प्रत्येक मोबाईलमध्ये अणुघड्याळ बसवणं शक्य नाही.

यावरची तोड मला या सगळ्या यंत्रणेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. रिसीव्हरचं घड्याळ जितकं चुकलंय, तितकं ते सगळ्या उपग्रहांच्या बाबतीत सारखंच चुकलेलं असतं. म्हणजे अज्ञात गोष्टी चार: तीन दिशांच्या तीन मोजमापांबरोबर घड्याळाची एक चूक. चार अज्ञात, चार उपग्रह, चार समीकरणं. गणित सुटलं की जागा तर मिळतेच, शिवाय रिसीव्हरच्या साध्या घड्याळाला अणुघड्याळाची वेळ आयती मिळते. मोबाईलचे टॉवर आणि विजेचं जाळं याच वेळेवर आपली घड्याळं जुळवून घेतात.

आइन्स्टाईनचा याच्याशी खरंच संबंध आहे का?

आहे, आणि तो रोजच्या कामातला आहे. उपग्रहावर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून तिथलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातं. उपग्रह वेगात आहे म्हणून ते सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतं. वजाबाकी करून ३८ उरतात. अंतराच्या भाषेत हे दिवसाला ११ किलोमीटरहून जास्त होतं. म्हणून १०.२३ मेगाहर्ट्झवर चालायला हवं असलेलं घड्याळ जमिनीवरच १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झला लावून वर पाठवतात. वर गेलं की ते आपोआप बरोबर चालतं.

ही कल्पना सुचली कोणाला?

ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुत्निक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोघे त्याची पिपाणी ऐकत बसले होते. उपग्रह जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो. त्या चढउतारावरून त्यांनी त्याची कक्षा काढली. तेव्हा त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्ल्युअर यांनी प्रश्न उलटा केला: आपली जागा ठाऊक असताना उपग्रहाची काढता येते, तर उपग्रहाची ठाऊक असताना आपली काढता येईल का? त्यातून पाणबुड्यांसाठी ट्रान्झिट ही यंत्रणा आली. पुढे जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला.

विमान वाहतुकीच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख १ सप्टेंबर १९८३. त्या दिवशी कोरियन एअर लाइन्सचं ००७ हे विमान मार्ग चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी जीपीएस नागरी वापरासाठी खुलं करण्याचं जाहीर केलं. १९९५ मध्ये यंत्रणा पूर्ण क्षमतेने सुरू झाली. नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, आणि शंभर मीटरच्या घरातली अचूकता एका रात्रीत कितीतरी पटींनी सुधारली.

जीपीएस सोडून दुसऱ्या यंत्रणा आहेत का?

आहेत. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेईदू या जगभर चालतात. भारताची नाविक आणि जपानची क्यूझेडएसएस या प्रादेशिक आहेत. तत्त्व सगळ्यांचं तेच.

माझा मोबाईलही पाच-दहा मीटरच्या आत जागा दाखवतो. मग विमानात वेगळं काय असतं?

मोबाईलवरचा निळा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो, तेव्हा आपण डोळ्यांनी पाहतो आणि दुर्लक्ष करतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाला ती सोय नाही. बाहेर पांढरा पडदा असतो आणि कॉकपिटमधल्या स्क्रीनवरच्या दोन रेषांवर तो विमान खाली आणत असतो. त्या रेषा ठामपणे चुकीच्या ठिकाणी उभ्या असतील तर ते कोणी सांगायचं?

म्हणून विमानातला रिसीव्हर जागेबरोबर आणखी एक आकडा सतत काढत असतो: माझी चूक वाईटात वाईट किती असू शकते? त्या चुकीचं एक कुंपण तो स्वतःभोवती आखतो. कुंपण ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर गेलं की तो इशारा देतो आणि वैमानिक तो मार्ग सोडून देतो. उपग्रहाच्या आधारे उतरण्याच्या एका काटेकोर पद्धतीत ही मर्यादा आडव्या दिशेत ४० मीटर आणि उभ्या दिशेत ३५ मीटर आहे. यंत्रणेत बिघाड झाला तर ६ सेकंदांत इशारा मिळालाच पाहिजे. प्रत्यक्षातली चूक बहुतेक वेळा एक-दोन मीटरच असते. इतकं असूनही कुंपण मोठं ठेवतात, कारण त्याबाहेर नकळत जाण्याची शक्यता एका उतरणीमागे एक कोटीत सुमारे दोन एवढीच चालते. या गुणाला मी भरवसा म्हणतो.

रिसीव्हरला स्वतःची चूक कळते कशी?

साक्षीदार वाढवून. चार उपग्रहांवरून एक उत्तर निघतं, पण ते बरोबर आहे का हे तपासायला कोणी उरत नाही. पाचवा असेल तर चार-चारच्या वेगवेगळ्या जोड्या करून पाहता येतात. उत्तरं जुळली नाहीत, म्हणजे कोणीतरी खोटं बोलतंय. सहावा असेल तर खोटं कोण बोलतंय हेही कळतं, आणि त्याला वगळून पुढे जाता येतं. या पद्धतीला रेम म्हणतात. जिथे रेमवरच भिस्त असते, तिथे उड्डाणाआधी पोहोचण्याच्या वेळेला पुरेसे उपग्रह दिसणार आहेत का हे तपासलं जातं.

पण मुळात चूक येते कुठून?

थोडी उपग्रहाच्या कक्षेत, थोडी त्याच्या घड्याळात, थोडी इमारतींवर आपटून येणाऱ्या लहरींमुळे. सगळ्यात मोठा वाटा आयनोस्फिअरचा. शेकडो किलोमीटर जाडीच्या या थरात सूर्यप्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन असतात आणि त्यातून येताना सिग्नल रेंगाळतो. हे रेंगाळणं दिवसा जास्त, रात्री कमी, आणि सूर्य खवळला की कसंही. चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपासच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर या थरात बुडबुडे उठतात आणि सिग्नल लुकलुकायला लागतो. भारताचा दक्षिण भाग याच पट्ट्याजवळ येतो.

एक चांगली गोष्ट अशी की कमी वारंवारितेचा सिग्नल जास्त रेंगाळतो. दोन वारंवारितांवर एकाच वेळी ऐकलं तर दोघांतल्या फरकावरून विलंब काढून टाकता येतो. नव्या उपग्रहांवर १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या जोडीला ११७६.४५ मेगाहर्ट्झचा नागरी सिग्नल आहे तो मुख्यतः यासाठीच. विमानांतले बहुतांश रिसीव्हर मात्र अजून एकाच वारंवारितेवर ऐकतात.

वास, एगनोस, गगन ही नावं ऐकली. ती काय आहेत?

एकाच वारंवारितेवर ऐकणाऱ्या रिसीव्हरला मदत करणाऱ्या यंत्रणा. जमिनीवर बऱ्याच अंतरावर पसरलेली केंद्रं उभारतात. त्यांची जागा सेंटिमीटरपर्यंत मोजलेली असते. केंद्राला ठाऊक असतं की आपण कुठे आहोत, आणि जीपीएस काय म्हणतंय हेही दिसतं. दोघांतला फरक म्हणजे चूक. सगळ्या केंद्रांच्या चुका एकत्र करून त्यांचा नकाशा बनवतात आणि तो भूस्थिर उपग्रहावरून विमानांना पाठवतात.

पण दुरुस्ती हे यातलं अर्धंच काम आहे. त्याच संदेशातून 'हा उपग्रह वापरू नका' अशी ताकीदही येते. सहा सेकंदांचा जो नियम वर सांगितला, तो पाळला जातो तो या ताकिदीमुळे. अमेरिकेची वास २००३ पासून, युरोपची एगनोस विमानांसाठी २०११ पासून सुरू आहे. भारताची गगन इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारली, आणि वर सांगितलेल्या बुडबुड्यांच्या पट्ट्यात ती चालवणं हे सोपं काम नव्हतं. तिला उतरणीच्या उभ्या मार्गदर्शनासाठी २०१५ मध्ये मान्यता मिळाली.

उपग्रहाच्या आधारे विमान उतरतं म्हणजे नेमकं काय घडतं?

वैमानिक यादीतून त्या धावपट्टीचा मार्ग निवडतो. संगणक हवेत एक उतार आखतो, साधारण तीन अंशांचा. पडद्यावर दोन खुणा दिसतात: एक डावं-उजवं सांगते, दुसरी वर-खाली. धावपट्टीवर रेडिओ यंत्रणा असती तर याच खुणा तिच्या सिग्नलवर चालल्या असत्या, आणि वैमानिकाला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही. जमिनीवर मात्र मोठा फरक पडतो, कारण इथे धावपट्टीजवळ अँटेना उभारावे लागत नाहीत.

आता शेवटचे क्षण पाहा. निर्णयाची उंची २०० फूट. तिथवर धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर विमान वर उचलायचं. तीन अंशांच्या उतारावर २०० फुटांवर असलेलं विमान धावपट्टीच्या उंबरठ्यापासून जेमतेम पाऊण-एक किलोमीटरवर असतं. १४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर, वेग धरला तर ते अंतर सुमारे १२ सेकंदांत संपतं. सहा सेकंदांचा इशारा या बारा सेकंदांशेजारी ठेवून पाहिला की नियम एवढा कडक का, हे वेगळं सांगावं लागत नाही.

उतरण्याखेरीज आणखी काय बदललं?

मार्ग बदलले. पूर्वी विमानं जमिनीवरच्या एका रेडिओ केंद्राकडून दुसऱ्याकडे अशी नागमोडी जात. आता कोणताही अक्षांश-रेखांश हा थांबा होऊ शकतो, आणि वळणही नेमकं ठरवून देता येतं. अलास्कातलं जुनो विमानतळ डोंगरांच्या चिंचोळ्या खाचेत आहे. १९९६ मध्ये अलास्का एअरलाइन्सने तिथे उपग्रहाच्या आधारे दरीतून वळत उतरण्याचा मार्ग वापरायला सुरुवात केली. आज अशा काही मार्गांवर विमानाने मध्यरेषेपासून ०.१ सागरी मैल, म्हणजे १८५ मीटर, इतक्या आत राहायचं असतं. आणि तसं राहता येत नसेल तर विमानाने ते स्वतःहून सांगायचं असतं. इथेही पुन्हा भरवशाचीच अट.

मग उंचीही जीपीएसवरूनच घेतात का?

नाही. विमानं एकमेकांपासून वर-खाली अंतर राखतात ते हवेच्या दाबावर. ठरावीक उंचीच्या वर सगळी विमानं आपला उंचीमापक १०१३.२५ हेक्टोपास्कलला लावतात. हवामानामुळे दाब बदलला तर सगळ्यांचा आकडा सारखाच चुकतो, आणि त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं.

जीपीएसची उंची दोन कारणांनी नाजूक आहे. उपग्रह फक्त वर असतात, पायाखालचे पृथ्वीआड जातात, म्हणून उभी चूक आडव्यापेक्षा मोठी येते. आणि ती उंची समुद्रापासून मोजलेली नसते. डब्ल्यूजीएस-८४ नावाचा पृथ्वीचा एक गुळगुळीत गणिती आकार आहे, त्यापासून ती मोजतात. खऱ्या समुद्राची सरासरी पातळी या आकाराच्या वर-खाली असते. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ती सुमारे १०० मीटर खाली आहे. तिथे जहाजाच्या डेकवर रिसीव्हरचा कच्चा आकडा पाहिला तर तो उणे दिसेल! चांगले रिसीव्हर हा फरक तक्त्यावरून सुधारून घेतात.

जीपीएस असताना विमान हरवतं कसं?

जीपीएसमुळे आपण कुठे आहोत हे विमानाला कळतं. इतरांना कळायचं तर विमानाने ते सांगावं लागतं. बहुतेक विमानं एडीएस-बी या यंत्रणेवरून आपली जागा सेकंदाला साधारण दोनदा प्रसारित करतात. विमानांचे ठिपके दाखवणारी ॲप चालतात ती यावरच. हे प्रसारण थांबलं आणि विमान रडारच्या टप्प्याबाहेर गेलं, की ते दिसेनासं होतं.

८ मार्च २०१४ रोजी क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेल्या एमएच३७० चं तेच झालं. उरली फक्त एक कडी: विमानातली संपर्क यंत्रणा आणि इनमारसॅट या उपग्रह-संपर्क कंपनीचा एक उपग्रह यांच्यात अधूनमधून होणारी 'आहेस का?' 'आहे' अशी जुजबी देवाणघेवाण. सिग्नलला लागलेल्या वेळेवरून तज्ज्ञांनी विमानाचं उपग्रहापासूनचं अंतर काढलं. पण उपग्रह एकच होता. एका उपग्रहावरून बिंदू मिळत नाही, मिळतो तो गोल, आणि पृथ्वीवर उमटणारा त्याचा चाप. शेवटच्या चापाच्या आसपास हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात शोध घेत राहावं लागलं ते यामुळे. नोव्हेंबर २०१८ पासून आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या प्रवासी विमानांचा महासागरावर दर १५ मिनिटांनी तरी ठावठिकाणा घेतला जातो.

जॅमिंग आणि स्पूफिंग यांत फरक काय?

उपग्रहाचा सिग्नल आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा एका वॉटच्या दहा हजार लाख कोटीव्या हिश्श्याच्या आसपास उरलेला असतो. खरं तर तो आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटाखाली दबलेला असतो आणि ठरलेल्या सांकेतिक नमुन्याशी जुळवून वर काढावा लागतो. त्याच्यावर ओरडून तो दाबून टाकणं सोपं आहे, आणि यालाच जॅमिंग म्हणतात. अमेरिकेत न्यूआर्क विमानतळाच्या कडेने महामार्ग जातो. तिथे उपग्रहावर आधारित उतरण्याची नवी यंत्रणा बसवली आणि ती मधूनच अडखळू लागली. शोध घेतला तेव्हा कारण रस्त्यावर सापडलं: आपली गाडी कुठे आहे हे कळू नये म्हणून चालकांनी लावलेले मुठीत मावणारे जॅमर.

जॅमिंगमध्ये सिग्नल जातो आणि तो गेल्याचं दिसतं. २०२४ मध्ये एस्टोनियातल्या टार्टू शहराची उड्डाणं फिनएअर या विमान कंपनीने महिनाभर थांबवली, कारण जॅमिंगच्या काळात तिथे उतरायला उपग्रहाखेरीज दुसरी सोय नव्हती. गैरसोय झाली, पण यंत्रणा प्रामाणिक राहिली.

स्पूफिंगची मला जास्त धास्ती वाटते. यात खोटे सिग्नल खऱ्यासारखे पाठवतात. सगळे साक्षीदार एकच खोटी गोष्ट एका सुरात सांगतात, म्हणून रेमची तपासणी फसू शकते. सप्टेंबर २०२३ पासून इराक-इराणच्या आसपास आणि पुढे इतर संघर्षग्रस्त भागांत वैमानिकांना याचा अनुभव येऊ लागला. नकाशावर विमान भलतीकडेच दिसतं, कॉकपिटमधलं घड्याळ उलटं जातं. तो भाग ओलांडून बराच वेळ झाल्यावरही उंचावरून उडताना 'पुल अप' असा जमिनीच्या धोक्याचा इशारा वाजतो, कारण खोटी जागा विमानाच्या संगणकांत झिरपलेली असते. खोटे इशारे सारखे वाजत राहिले की खऱ्या इशाऱ्यावरचा विश्वास उडतो. हे नुकसान उपग्रहाचा सिग्नल परत आल्यावरही भरून येत नाही.

सिग्नल पूर्ण गेला तर विमान भरकटतं का?

नाही. मोठ्या विमानात जडत्वावर चालणारी यंत्रणा असते. गती आणि वळणं मोजून ती बाहेरच्या कसल्याही मदतीशिवाय जागा काढते. तिची चूक हळूहळू साचते, तासाला दोन सागरी मैलांपर्यंत. पण कोणी बाहेरून तिला फसवू शकत नाही. शिवाय जमिनीवरची रेडिओ केंद्रं आहेत, धावपट्टीवरची उतरण यंत्रणा आहे, नियंत्रकाचं रडार आहे. ही जुनी केंद्रं खर्चिक म्हणून कमी केली जात आहेत. ती सरसकट बंद करू नयेत असं माझं ठाम मत आहे, आणि अमेरिकेने त्यांचं किमान जाळं मुद्दाम राखून ठेवलं आहे.

प्रवासात मोबाईलवर जीपीएस पाहता येतं का? ते धोकादायक तर नाही?

जीपीएसचा रिसीव्हर फक्त ऐकतो, म्हणून फ्लाइट मोड चालू ठेवूनही बहुतेक फोनवर ते चालतं. विमान कंपनीची सूचना वेगळी असेल तर ती पाळा. खिडकीची जागा हवी, कारण विमानाचं धातूचं शरीर सिग्नल अडवतं. फोन काचेला टेकवून धरा आणि धीर धरा. जमिनीवर फोन उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून चटकन घेतो. वर ती थेट उपग्रहाकडूनच घ्यावी लागते, आणि उपग्रह ती सेकंदाला फक्त ५० बिट इतक्या संथपणे सांगतो. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील ३० सेकंदांत एकदा येतो, मध्ये फोन हलला तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. मग आकडा स्थिरावतो, ताशी आठशे-साडेआठशे किलोमीटर. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल, तर खाली दिसणारी नदी कोणती तेही कळतं.